फुलवाल्यांच्या कात्रीची वंशावळ

बुके बांधणाऱ्याच्या हातात स्प्रिंगची एक छोटी कात्री असते. तिची थोरली बहीण नाशिककडच्या द्राक्षबागांत भेटते. तिथे तिला ‘सिकेटर’ म्हणतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी तिच्यावरच होते. दोघींचं माहेर एकच, फ्रान्समधल्या बागा आणि द्राक्षमळे.

या कात्रीच्या जनकत्वाचा मान बर्त्राँ द मोलव्हिल यांना दिला जातो. सोळाव्या लुईचे हे नौदलमंत्री राज्यक्रांतीत इंग्लंडला पळाले, राजेशाही परतल्यावर मायदेशी आले आणि १८१८ मध्ये वारले. कात्री त्याच सुमाराची. तोवर वेली छाटायच्या त्या वाकड्या पात्याच्या सुरीने. सुरीला मनगटाचा नेमका झटका लागे आणि तो अंगवळणी पडायला वर्षं जात. कात्रीने हे कसब सोपं केलं, पण सगळा भार मुठीच्या दाबावर आणला. जुन्याजाणत्या माळ्यांना ती कितीतरी काळ रुचली नाही. सुरीचा काप स्वच्छ असतो आणि कात्री साल चेचते, ही त्यांची तक्रार. तक्रार झाडाच्या वतीने होती, हाताच्या वतीने नव्हे.

जपानमध्ये या घराण्याशी संबंध नसलेली कात्री होती. इकेबानाची हानाबासामी फुलांसाठीच घडवलेली. तिला स्प्रिंग नसते आणि मुठीची कडी एवढी ऐसपैस असते की बोटं आत सैल बसतात. पण ती फांदी न्याहाळून, थांबून, मग कापणाऱ्या माणसाची. लग्नसराईत ढिगाने देठ कापणाऱ्याचा विचार तिच्यात नाही.

हाताची दुखणी वैद्यकाच्या वहीत वेगळ्या वाटेने आली. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनींनी १७०० मध्ये कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. दिवसभर लेखणी चालवणाऱ्या कारकुनांचा हात कसा थकतो, हेही त्यांनी टिपलं. १८९५ मध्ये फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस शल्यचिकित्सकाने अंगठ्याच्या मुळाशी कंडरांचं आवरण जाड होऊन उठणारी कळ वर्णिली. ते दुखणं आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ते ला शो-द-फों इथे काम करत. तिथून थोड्याच किलोमीटरांवर, ले जेनेव्हे-स्युर-कोफ्रान इथे, फेलिक्स फ्लिश यांनी १९४५ मध्ये फेल्को हा कात्र्यांचा कारखाना काढला. दुखण्याचा आणि उताऱ्याचा पत्ता इतका जवळचा, पण मध्ये अर्धं शतक गेलं.

१९४८ मध्ये आलेल्या फेल्कोच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कात्रीला ॲल्युमिनियमची हलकी मूठ होती आणि झिजलेला भाग तेवढा बदलता येई. पुढे लहान पंज्यांसाठी आणि डावखुऱ्यांसाठी वेगळ्या कात्र्या आल्या. काहींची खालची मूठ स्वतःभोवती फिरू लागली. मूठ पक्की असली की बोटं मिटताना कातडी तिच्यावर घासते आणि फोड येतात; मूठ बोटांबरोबर वळली की ते घासणं कमी होतं.

आणखी एक धडा अमेरिकेतल्या टेलिफोन सामानाच्या कारखान्यातून आला. वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये तारा जोडणाऱ्या शिकाऊ कामगारांच्या एका गटाला सरळ पक्कड मिळाली, दुसऱ्याला वाकड्या मुठीची. एर्विन टिचावर यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या या तुलनेत बारा आठवड्यांनंतर सरळ पकडीच्या गटात हातांची दुखणी कितीतरी अधिक निघाली. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वाकलं की तिथे दाटी होते, पकडही सैल पडते आणि त्याच कामाला जास्त जोर लागतो. म्हणून वाकायचं ते लोखंडाने. १९८० च्या दशकात बार्बरा सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कारखान्यांत पाहणी करून दाखवलं की जोर आणि पुनरावृत्ती एकत्र आल्या की धोका कैक पटींनी चढतो.

म्हणजे फुलवाल्याच्या हाताला आराम देणारी जवळजवळ प्रत्येक सोय दुसऱ्याच धंद्यात जन्मली. गोची इथेच आहे. वेलीचं लाकूड कापायला जोर लागतो. जरबेरा किंवा कार्नेशनचा देठ थोड्या दाबाने तुटतो, पण असे काप असंख्य. द्राक्षबागेची दणकट स्प्रिंग दुकानात नुसती आडवी येते, कारण प्रत्येक काप घेताना आधी तिलाच दाबावं लागतं. फुलवाल्याला हवी ती हलक्या स्प्रिंगची, कमी उघडणारी कात्री. तिची मूठ तळव्याच्या मधोमध रुतणार नाही इतकी लांब हवी. आणि पातं धारदार हवं. बोथट पातं हाताकडून जास्त जोर मागतं आणि देठ चेचून पाण्याच्या नळ्याही दाबून टाकतं. जुन्या माळ्यांची साल चेचण्याची तक्रार त्या अर्थाने हाताचीही होती.

तरी कात्रीच्या हातात नसलेली एक गोष्ट उरते: दिवसाला किती काप घ्यायचे. तो आकडा ऑर्डरवही ठरवते. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात तळेगावचे गुलाब दुकानात येऊन पडतात, तेव्हा काटे काढणं, देठ कापणं आणि बुके बांधणं ही कामं एकेका माणसाला दिवसभर नेमून न देता आळीपाळीने फिरवणं ही सुधारणा कोणत्याही कारखान्यात विकत मिळत नाही. ती दुकानाच्या मालकालाच करावी लागते.