सर्वणचा ‘हमिंगबर्ड’

१. हमिंगबर्ड : सर्वण (ता. डिचोली, गोवा) येथील कुळागरांच्या वर्णनात आलेला हा शब्द ‘शिंजीर’ या अर्थाने वाचावा. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत, पण त्या सर्व अमेरिका खंडांतल्या. भारतात रानात राहणारी एकही नाही. जास्वंदीवर, केळफुलावर दिसणारी बाकदार चोच, नराचा चमकता जांभळा गळा, किरमिजी पाठ, पिवळे पोट आणि जेमतेम दहा सेंटिमीटर लांबी या खुणा जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराच्या आहेत. मादी फिकट असते. कोळिष्टकांनी बांधलेले तिचे लोंबते घरटे पुष्कळदा घरालगतच आढळते.

शिंजीरही फुलासमोर हवेत तरंगतो, मग फरक कोणता, असा आक्षेप येईल. तरंगतो खरा, पण क्षणभरच. एरवी तो देठावर बसून मध पितो. हमिंगबर्डचे पंख मात्र खांद्यातून असे फिरतात की तो बराच वेळ अधांतरी राहतो, मागेही उडतो. दोघांतले साम्य नात्याचे नसून मध या समान आहारातून आलेले आहे. ‘हमिंगबर्ड’ हे नाव रूढ झाले म्हणून ते राखावे, हेही पटत नाही. परक्या नावाखाली इथला पक्षी झाकला जातो. म्हणून पुढे सर्वत्र ‘शिंजीर’ हाच शब्द योजला आहे.