यर्गेन यूवे : एका अष्टपैलू फुटबॉलपटूची कारकीर्द आणि तिची नोंद

नॉर्वेच्या फुटबॉलच्या इतिहासात यर्गेन यूवे ह्या खेळाडूचे नाव बहुधा एका आकड्याच्या सोबतीने घेतले जाते. १९२८ ते १९३७ ह्या काळात तो राष्ट्रीय संघाकडून ४५ सामने खेळला व त्यांत त्याने ३३ गोल केले. गोलांचा हा राष्ट्रीय उच्चांक मोडावयास २०२४ साल उजाडावे लागले. ऐंशीहून अधिक वर्षे टिकलेल्या आकड्याला साहजिकच एक प्रकारचे प्रामाण्य प्राप्त होते. वाचक तो आकडा पाहतो, 'हा थोर आघाडीचा खेळाडू असला पाहिजे' असा निष्कर्ष काढतो आणि पुढे जातो. हा निष्कर्ष चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. ज्या ४५ सामन्यांवरून हा हिशेब मांडला जातो, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास सामन्यांतच यूवे आघाडीवर खेळला. उरलेल्या सामन्यांत तो मागच्या फळ्यांत, म्हणजे बॅक किंवा हाफबॅक म्हणून उभा होता. हे ध्यानात घेतले म्हणजे तोच आकडा निराळा अर्थ सांगू लागतो.

साधा हिशेब करून पाहू. ३३ गोलांना ४५ सामन्यांनी भागले असता सामन्यामागे पाऊण गोलाहून किंचित कमी अशी सरासरी येते. केवळ आघाडीवरच्या सामन्यांचा विचार केला, तर ती दीड गोलाच्या घरात जाते. पाऊण आणि दीड ह्यांमधील अंतर लहान नाही. हे अंतर खेळाडूच्या कुवतीत पडलेले नसून नोंदीच्या पद्धतीत पडलेले आहे. यूवेच्या कारकीर्दीतील अष्टपैलुत्व नेमके ह्या अंतरात दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम चरित्राची स्थूल रूपरेषा देणे इष्ट होईल. यूवेचा जन्म २२ नोव्हेंबर १९०६ रोजी दक्षिण नॉर्वेतील पोर्सग्रुन ह्या गावी झाला. तेथील उरेड ह्या क्रीडासंघाकडून तो खेळला व पुढे ऑस्लो येथील ल्यून ह्या संघात गेला. ह्या दोन्ही नावांना नॉर्वेजियन भाषेत अर्थ आहे : पहिल्याचा 'निर्भय', दुसऱ्याचा 'वीज'. स्वित्झर्लंडमधील बाझेल संघाकडूनही तो काही काळ खेळला. त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, पत्रकारिता केली आणि ग्रंथलेखनही केले. नॉर्वेचे फुटबॉल तेव्हा हौशी स्वरूपाचे होते; खेळावर पोट भरण्याची सोय नव्हती व तशी अपेक्षाही नव्हती. त्यामुळे खेळाडूला दुसरा व्यवसाय असणे ही त्या समाजातील नित्याची गोष्ट होती. १२ एप्रिल १९८३ रोजी यूवेचे निधन झाले.

अशा माणसासाठी नॉर्वेजियन भाषेत जो शब्द वापरतात, त्याचा शब्दशः अर्थ 'सर्व बाजूंचा' असा होतो. मराठीत आपण 'अष्टपैलू' म्हणतो. ह्यातील 'पैलू' हा फारसी 'पहलू' ह्या शब्दापासून आलेला असून त्याचाही मूळ अर्थ बाजू असाच आहे. एकमेकींपासून दूर वाढलेल्या दोन भाषांनी एका गुणाचे वर्णन करण्यासाठी एकच प्रतिमा निवडावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. मात्र ह्या प्रतिमेत एक अडचण आहे. बाजू पुष्कळ असल्या तरी पाहणारा एका वेळी एका ठिकाणाहूनच पाहतो. क्रिकेटच्या धावफलकात अष्टपैलू खेळाडूच्या दोन्ही बाजू दिसतात, कारण तेथे धावांचा रकाना आहे तसा बळींचाही आहे. यूवेच्या काळातील फुटबॉलच्या नोंदीत मात्र सामने आणि गोल एवढेच दोन रकाने असत. मागे उभे राहून जो गोल होऊ दिला नाही, त्याला रकाना नव्हता.

ह्यापुढील अडचण शब्दार्थाची आहे. यूवे आघाडीवरून मागे आला आणि 'सेंटर-हाफ' झाला, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु 'सेंटर-हाफ' म्हणजे काय ? फुटबॉलच्या जुन्या रचनेत गोलरक्षकापुढे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीचे खेळाडू असत. ह्या तीन हाफबॅकांपैकी मधला तो सेंटर-हाफ. तो संघाचा कणा मानला जाई. प्रतिस्पर्ध्यांचा हल्ला मोडणे आणि आपला हल्ला उभारणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे असत. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत पुढे गेलेला खेळाडू आणि प्रतिपक्षाची गोलरेषा ह्यांच्या दरम्यान चेंडू दिला जाताना प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक होते. नव्या नियमाने ही संख्या दोनवर आली. आघाडीच्या खेळाडूंचे काम सोपे झाले आणि इंग्लंडमध्ये गोलांची संख्या एकदम वाढली. त्यावर उपाय म्हणून तेथील संघांनी सेंटर-हाफला मागे खेचून दोन बॅकांच्या मधोमध उभे केले. हर्बर्ट चॅपमन ह्यांच्या व्यवस्थापनाखालील आर्सेनल संघाने ही रचना विशेष प्रसिद्धीस आणली. मधला हाफबॅक आता वस्तुतः तिसरा बॅक झाला, परंतु त्याचे नाव मात्र 'सेंटर-हाफ' असेच राहिले.

शब्द तोच राहावा आणि त्याने दर्शविलेली वस्तू बदलावी, ही घटना भाषाभ्यासकांस अपरिचित नाही. येथील विशेष असा की, हा बदल सर्वत्र एकाच वेळी झाला नाही. ऑस्ट्रियात आणि इटलीत जुन्या पद्धतीचा, मैदानभर वावरणारा सेंटर-हाफ १९३० नंतरही टिकून होता. १९३४ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघात लुइस मोंती हा अशाच प्रकारचा खेळाडू होता. म्हणजे एकाच दशकात, एकाच खंडात, एकच शब्द दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरला जात होता. नॉर्वेजियन भाषेने 'बॅक', 'हाफ', 'कीपर', 'कॉर्नर' हे शब्द आपल्याप्रमाणेच इंग्रजीतून उचलले. उसना शब्द घेताना त्याचा त्या क्षणीचा अर्थ आपण घेतो; मूळ भाषेत पुढे अर्थ पालटला, तर तो पालट आपल्याकडे आपोआप येत नाही. म्हणून १९३०च्या दशकातील एखाद्या संघयादीत यूवेच्या नावापुढे 'सेंटर-हाफ' असे आढळले, तर 'तो आता बचाव करू लागला' एवढाच अर्थ त्यातून काढणे धाडसाचे ठरेल. आजचा वाचक त्या शब्दात केवळ रक्षक पाहतो. त्या काळचा वाचक सेनानीही पाहत असे.

ही चर्चा केवळ शब्दच्छल नव्हे, हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरून स्पष्ट होईल. त्या स्पर्धेत यूवे नॉर्वेचा कर्णधार होता आणि सेंटर-हाफच्या जागी खेळत होता. संघाची धुरा आस्ब्यर्न हाल्वोर्सेन ह्यांच्याकडे होती. हाल्वोर्सेन स्वतः नामांकित सेंटर-हाफ होते. जर्मनीतील हाम्बुर्ग संघाकडून खेळताना १९२३ आणि १९२८ साली त्यांनी जर्मन अजिंक्यपद मिळविले होते. १९३३ साली ते मायदेशी परतले. पुढे जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर नॉर्वेच्या खेळाडूंनी नाझी नियंत्रणाखालील क्रीडासंघटनेवर जो बहिष्कार टाकला, त्यात हाल्वोर्सेन अग्रभागी होते आणि त्यापायी त्यांना छळछावण्यांत दिवस काढावे लागले. सेंटर-हाफचे मोल पूर्णपणे जाणणाऱ्या ह्या मार्गदर्शकाच्या संघात देशाचा सर्वांत यशस्वी गोलकर्ता सेंटर-हाफच्या जागी खेळला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

स्पर्धेचा तपशील असा. पहिल्या सामन्यात नॉर्वेने तुर्कस्तानचा ४-० असा पराभव केला. ७ ऑगस्ट रोजी त्याची गाठ यजमान जर्मनीशी पडली. जर्मनीने आधीच्या फेरीत लक्झेंबर्गवर ९ गोल चढविले होते. ह्या सामन्यासाठी काही प्रमुख खेळाडूंना विश्रांती देण्याइतका तिला आत्मविश्वास होता. हिटलर प्रेक्षकांत उपस्थित होता. सुमारे २९ लाख लोकवस्तीच्या नॉर्वेने हा सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल माग्नार इसाक्सेन ह्याने केले. उपान्त्य सामन्यात इटलीने जादा वेळेत नॉर्वेला २-१ असे हरविले. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत नॉर्वेने पोलंडवर ३-२ असा विजय मिळविला; तिन्ही गोल आर्ने ब्रुस्ताद ह्याचे होते. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये नॉर्वेला मिळालेले हे एकमेव ऑलिंपिक पदक होय. तो संघ आजही त्या देशात 'ब्राँझ संघ' ह्या नावाने ओळखला जातो.

चार सामन्यांत नॉर्वेने एकूण १० गोल केले. ब्रुस्तादचे पाच, इसाक्सेन व मार्टिन्सेन ह्यांचे प्रत्येकी दोन आणि क्वाम्मेनचा एक. ह्या यादीत यूवेचे नाव नाही. देशाच्या सर्वांत मोठ्या यशात देशाच्या सर्वश्रेष्ठ गोलकर्त्याच्या नावावर एकही गोल नाही ! गोलांचा रकाना प्रमाण मानला, तर ह्या स्पर्धेतील यूवेची कामगिरी शून्य ठरते. दुसरीकडे ह्याच चार सामन्यांत, जादा वेळ धरूनही, नॉर्वेवर केवळ चार गोल झाले आणि पहिल्या दोन सामन्यांत तर एकही झाला नाही. ह्याचे श्रेय अर्थात एकट्या यूवेचे नाही. गोलरक्षक हेन्री योहान्सेन, दोन्ही बॅक आणि बाजूचे हाफबॅक ह्या सर्वांचे ते आहे. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर 'इसाक्सेन गोल करतो' हा कर्तरी प्रयोग आहे, क्रियापद कर्त्याला धरून चालते. 'जर्मनीला गोल करता आला नाही' ह्या वाक्यात, ज्यांनी तो होऊ दिला नाही, त्यांना जागाच नाही. नोंदवहीची भाषा केलेल्या कृतीला कर्ता देते. रोखलेल्या कृतीला देत नाही. ब्राँझ संघाच्या कर्णधाराचे कर्तृत्व ह्या व्याकरणात हरवले.

१० ऑक्टोबर २०२४ रोजी ऑस्लो येथे स्लोव्हेनियाविरुद्ध दोन गोल करून अर्लिंग हालंड ह्याने यूवेचा उच्चांक मागे टाकला. हा त्याचा ३६ वा आंतरराष्ट्रीय सामना असून त्याची गोलसंख्या ३४ झाली. हालंडच्या पराक्रमाचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. तो एकाच कामात अत्युच्च प्रावीण्य मिळविलेला, व्यावसायिक युगाचा खेळाडू आहे आणि गोलांचा रकाना त्याच्या कामगिरीचे जवळजवळ पूर्ण वर्णन करतो. यूवेच्या बाबतीत तोच रकाना अर्धे सांगतो. म्हणून ३३ आणि ३४ हे आकडे एकाखाली एक लिहिता आले, तरी ते एकाच मापाने मोजलेले नाहीत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्यातून घ्यावयाचा बोध मर्यादित पण उपयुक्त आहे. कोणतीही संख्या वापरण्यापूर्वी ती ज्या रकान्यात लिहिली गेली, त्या रकान्याचे शीर्षक वाचावे. आणि ते शीर्षक त्या वर्षी, त्या देशात कोणत्या अर्थाने वापरले जात होते, हेही तपासावे. यूवे गोल करीत होता तेव्हा नोंद त्याच्या बाजूने होती. पुढे त्याने अशी जागा पत्करली की जेथे नोंद त्याच्याविषयी मौन पाळणार होती, आणि त्या जागेवरून त्याने आपल्या संघाचे नेतृत्व केले. त्याचा उच्चांक आता इतिहासजमा झाला आहे. त्यामुळे आकड्याच्या छायेत राहिलेला हा दुसरा यूवे पाहण्यास आता अधिक मोकळीक मिळाली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.