हाजरी : एका शब्दाची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईजवळ, सैलानी बाबांच्या दर्ग्यात एखादी बाई केस मोकळे सोडून घुमू लागते, भलत्याच आवाजात बोलू लागते, तेव्हा भोवतालची माणसं म्हणतात, ‘हाजरी आली.’ शाळेतली हजेरी आणि ही हाजरी, दोघी सख्ख्या बहिणी.

मूळ धातू अरबी. अर्थ समोर असणं. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला आणि त्याचं गणगोत वाढलं: हजर, हजेरी, हुजूर, पेशव्यांची हुजुरात. ‘हजरत’ही त्यातलाच. म्हणजे अवलियाच्या नावाआधीचा मान आणि पीडितेच्या अंगातली हाजरी एकाच कुळातली. उत्तर आफ्रिकेतले सूफी ज्या बैठकीत डोलत देहभान विसरतात, तिचं नावही ‘हद्रा’.

आपल्याकडे या शब्दाला दरबाराचा अर्थ चिकटला. दर्गा हा बाबांचा दरबार. तिथे बाधेनं हजर व्हायचं, नाव सांगायचं, सोडून जायचं कबूल करायचं. राजस्थानात मेहंदीपूरच्या बालाजी मंदिरात यालाच ‘पेशी’ म्हणतात. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी तिथल्या रुग्णांवर १९८२च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. इकडे सैलानीला बाधा जावी म्हणून होळीच्या दिवशी अंगावरून उतरवलेले नारळ आणि जुने कपडे आगीत पडतात.

गावाकडे म्हणतात, ‘हिला बाहेरचं लागलंय.’ युरोपातही या ‘बाहेरच्या’चा शोध चालू होता: मानसशास्त्रज्ञ युंगनं १९०२मध्ये प्रबंध लिहिला तो समाधीत परक्या आवाजात बोलणाऱ्या आपल्या मामेबहिणीवरच. फ्रॉइडनं १९२३मध्ये सतराव्या शतकातल्या एका सैतानग्रस्त चित्रकाराची कहाणी उलगडली आणि ते ‘बाहेरचं’ आत नेलं: भूत म्हणजे दडपलेली इच्छा. घरात तोंड न उघडणारी सून हाजरीत सासरच्यांना खडसावते आणि कुणी तिला उलट बोलत नाही. कारण बोलते ती ‘ती’ नसते.

पण प्रत्येक दुखणं हाजरीनं उतरत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून गेली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा साखळ्यांवर बंदी घातली. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र काम करू लागले, दवा आणि दुवा शेजारी शेजारी. जिथे अगतिक माणसं येतात, तिथेच औषधही पोचायला हवं.

हाजरी उतरते. बाई केस बांधते, पाणी मागते. आपण काय बोललो, तिला आठवत नाही. सोबत आलेल्यांनी मात्र सगळं ऐकलेलं असतं.