राजवैद्याने उघडलेली खिडकी

इ.स. १९१२ मध्ये रवीन्द्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे बंगाली नाटक प्रसिद्ध झाले. त्याचा नायक अमल हा आजारी बालक. वारा व ऊन लागू नये म्हणून वैद्याने त्याला घराबाहेर पडण्यास मनाई केलेली असते. अमल मात्र खिडकीत बसून दहीवाल्याची आरोळी शिकतो, पहारेकऱ्याला घंटेविषयी विचारतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. वैद्याला त्याच्यातील रोगी दिसतो, विद्यार्थी दिसत नाही. आजारी मुलांच्या शिक्षणाचा पुढील इतिहास म्हणजे हा विद्यार्थी ओळखला जाण्याचा इतिहास होय.

त्याच सुमारास पोलंडमधील वॉर्सा शहरात डॉ. यानुश कोरचाक यांनी बालरुग्णालयातील सेवा सोडून ज्यू अनाथ बालकांच्या आश्रमाची धुरा स्वीकारली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तेथील ज्यूंना भिंतींनी वेढलेल्या वस्तीत कोंडले. भूक आणि रोग यांनी माणसे मरत असतानाच, १८ जुलै १९४२ रोजी आश्रमातील मुलांनी ‘डाकघर’चा प्रयोग केला. मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्याचे बळ मुलांना मिळावे, असा कोरचाक यांचा हेतू होता, असे सांगतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांसह त्यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. अखेरपर्यंत त्यांनी मुलांची साथ सोडली नाही.

युद्ध संपल्यावरही रुग्णालयातील बालकाची खिडकी बंदच राहिली. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आईवडिलांना भेटीसाठी फार थोडा वेळ मिळत असे. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातील आठ दिवस चित्रपटातून दाखविले आणि वैद्यकीय जगतात खळबळ उडाली. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीवरील बंधने दूर करावीत, तसेच रुग्ण बालकांच्या खेळाची व शिक्षणाची सोय करावी, अशा शिफारशी केल्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने खेळ आणि कला हा प्रत्येक बालकाचा हक्क मानला. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

अमेरिकेतील शिकागो येथे १९९८ मध्ये ‘स्नो सिटी आर्ट्स’ ही संस्था स्थापन झाली. तिचे कलाशिक्षक रुग्णशय्येपाशी जाऊन चित्रकला, संगीत, नाट्य व लेखन शिकवितात. असे शिक्षण सोपे नसते. तपासणीसाठी मुलाला केव्हाही न्यावे लागते, म्हणून पाठ एका बैठकीत पुरा होईल असा बेतावा लागतो. संसर्ग टाळण्यासाठी साहित्याच्या स्वच्छतेची काळजी घ्यावी लागते. परंतु सुई केव्हा टोचायची आणि काय खायचे, हे सारे इतरांनीच ठरविलेल्या दिवसात, कोणता रंग उचलायचा हे मूल स्वतः ठरविते. त्या निवडीचे मोल मोठे आहे.

‘डाकघर’च्या अखेरीस राजवैद्य येतो आणि सर्व दारे-खिडक्या उघडण्यास सांगतो. प्रत्येक बालक औषधाने बरे होईलच असे नाही, परंतु आजारपणाचे दिवसही त्याच्या बालपणाचेच दिवस असतात. आजारी मुलाला भेटावयास जाताना आपण फळे नेतो. त्यांसोबत एक रंगपेटी नेली आणि घटकाभर त्याच्यापाशी बसून चित्र काढले, तर ती खिडकी आपल्याही हातून उघडेल.