दहा श्वास, एक मणी

गेल्या महिन्यात वंशावळ करायला घेतली. घरच्यांना हे सांगायला नको, कारण एकेकाला फोन करकरून मी पिडलंय! आजीच्या नावाखाली चार रेघा ओढल्या आणि आत्याला दाखवल्या. ती म्हणाली, "चार नाही रे बाबू, सहा. दोन बारशाआधीच गेले. मग नाव कुठलं राहीन?"

तिच्या सांगण्याप्रमाणे एकाला 'डब्बा' झाला होता. दुसरं दूध ओढेना, गार पडलं आणि गेलं. गाव आरमोरीजवळचं, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं. (गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. आत्या अजूनही चांदाच म्हणते.) नावं नसलेली ती दोन लेकरं वंशावळीत कशी दाखवायची हे सुचेना, म्हणून दोन रिकामी वर्तुळं काढून ठेवली. मग याच मुलखात अशा लेकरांवर जे संशोधन झालं ते वाचत बसलो. त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत आले. 'सर्च' ही त्यांची संस्था. तेंदूपत्त्याच्या एका जुन्या गोदामात काम सुरू झालं. आपल्याकडे संशोधन म्हटलं की पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि पुण्या-मुंबईची एखादी मोठी इमारत डोळ्यांपुढे येते. इथे मोहाची झाडं, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि अंगठेबहाद्दर सुईणी!

पहिला धक्का दिला तो राणीताईंच्या अभ्यासानं. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरून चालणाऱ्या जगाला तिला बाकीचंही शरीर असतं हे आकड्यांत सांगावं लागलं. यावर एक स्वतंत्र लेख होईल, पुन्हा कधीतरी.

मला गुंतवून ठेवलं ते मण्यांनी.

न्यूमोनियानं मुलं मरतात हे माहीत होतं, औषधही होतं, साधं कोट्रायमोक्साझोल. अडचण ओळखण्याची होती. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही, डॉक्टर नदीपलीकडे. पण न्यूमोनिया झालेल्या मुलाचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला साठ, त्याहून मोठं असेल तर पन्नास, ही धोक्याची रेघ. म्हणजे श्वास मोजता आले की निदान झालं! आणि सुईणीला तर दहाच्या पुढे मोजता येत नाही.

मग एक साधन तयार झालं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि एक लाल, मोठ्याच्या ओळीत चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. बस्स. शिकलेल्या माणसाला यात हसू येईल कदाचित, मला तर हेवा वाटला. कुणाला काय येत नाही याची यादी न करता त्यांनी काय येतं ते पाहिलं: दहापर्यंत मोजता येतं ना? मग तेवढ्यात बसवू.

सुईणी आणि गावातले आरोग्यसेवक औषध द्यायला लागले. १९९० च्या 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. जिथे हे काम चाललं तिथे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

पण आत्याचं दुसरं भावंडं, ते गार पडलेलं, यात बसत नाही. पहिल्या महिन्यात जाणारी बाळं ही वेगळीच गोष्ट होती. डॉ. बंग एक प्रसंग सांगत आले आहेत. पावसाची संध्याकाळ, एक तरुण आई आणि आजी मरणपंथाला लागलेलं बाळ घेऊन त्यांच्या घरी आल्या. उपचार सुरू व्हायच्या आत ते गेलं. नंतर त्यांनी त्या मृत्यूची कारणं मोजली तर अठरा भरली. उपासमार, पूर, अंधश्रद्धा, दूरचा दवाखाना... अठराच्या अठरा कधी दुरुस्त व्हायची? पण साखळीतली एखादी कडी तोडली तर?

मग ३९ गावांत एक वर्ष नुसतं निरीक्षण झालं. ७६३ नवजात बाळं, घरोघर जाऊन पाहिलेली. त्यांतल्या ५४ टक्के बाळांना उपचारांची गरज होती, वैद्यकीय मदत मिळाली २.६ टक्क्यांना. हा आकडा मी दोनदा वाचला. बाळंतीण आणि बाळ अंधाऱ्या खोलीत, बाहेर न्यायचं नाही ही रीत. बाळाला दवाखान्यात नेणार नाहीत तर दवाखाना त्या खोलीत न्यायचा, हा त्यावरचा उपाय. गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना शिकवलं. त्या बाळाचं वजन करायच्या, ऊब द्यायच्या, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायच्या. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली व आईबाप दवाखान्याला नाही म्हणाले, तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायच्या.

सातवी शिकलेल्या बाईच्या हातात सिरिंज! वैद्यकीय जगाला हे पचायला जडच होतं. निकाल ४ डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. हजारी नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्के होतं ते २.८ झालं.

त्याच निबंधात एक दुसरा रकानाही आहे, आणि तो मला सोडवत नाही. तुलनेची ४७ गावं. तिथे सरकारी सेवा होती तशी चालू राहिली, आणि मृत्युदर जवळपास तिथेच थांबला. त्या रकान्यातली बाळंही कुणाच्या तरी वंशावळीतली रिकामी वर्तुळं आहेत. तो रकाना नसता तर बाहेर कुणीच विश्वास ठेवला नसता, हेही खरं. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही मिळून स्वस्थ बसू देत नाही.

पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं बाळाच्या घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारतानं आशाताईंमार्फत ही पद्धत घेतली. इंजेक्शन मात्र आशाच्या हाती दिलं नाही. २०१४ मध्ये ती परवानगी एएनएमला मिळाली. नेमकी जी गोष्ट गडचिरोलीच्या बायकांनी करून दाखवली होती, तीच वाटेत गळली. खबरदारी म्हणून असेल. मला मात्र त्यात जुना अविश्वासच दिसतो.

आमच्या चुलतभावाच्या मुलीकडे आशा आली ती तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, चौदाव्या... बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. आत्या तिथेच होती. झोळीच्या काट्यात बाळाला घातलेलं बघून तिनं विचारलं, "आन् हे मोजून लिहिते कुठं?" आशानं वही दाखवली. बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं, म्हणून नावाच्या जागी आईचं नाव लिहून पुढे 'बाळ' असं लिहिलं होतं.

रात्री आत्याचा फोन आला. त्या दोघांपुढेही तसंच लिही म्हणाली.