आर्वीची तबकडी : आकाशातील एका बिंदूवर खिळलेली नजर

१/ छत्रपती संभाजीनगरच्या गच्च्यांवर डीडी फ्री डिशच्या छोट्या तबकड्या सहज दिसतात. त्यांचा रोख ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहाकडे, म्हणजे आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंशांवर असतो. एकदा नट-बोल्ट आवळले की वर्षानुवर्षे त्यांना हात लावावा लागत नाही. १९७१ साली पुणे जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या एका तबकडीला मात्र ही सवलत नव्हती.

२/ हे ठिकाण म्हणजे नारायणगावाजवळील आर्वी. वर्धा जिल्ह्यातील आर्वी नव्हे. त्याआधी भारतातून परदेशी बोलायचे तर मुख्य आधार शॉर्टवेव्ह रेडिओचा होता. वातावरणाच्या वरच्या थरांची स्थिती बिघडली की आवाज विरून जाई. १९६९ मध्ये हिंदी महासागरावर इंटेलसॅट-३ मालिकेतील उपग्रह स्थिरावला आणि नवा मार्ग खुला झाला. उणीव होती ती त्याच्याशी बोलू शकणाऱ्या भूकेंद्राची.

३/ असे केंद्र परदेशी कंपनीकडून तयार विकत घेता आले असते. परंतु ते भारतीय अभियंत्यांनीच उभारावे, असा डॉ. विक्रम साराभाई यांचा आग्रह होता. या आग्रहामागे अनुभव होता : १९६७ मध्ये अहमदाबाद येथे १४ मीटर व्यासाच्या अँटेनाचे प्रायोगिक भूकेंद्र सुरू झाले होते. आर्वीची उडी मात्र थेट २९.७ मीटर व्यासाची होती.

४/ एवढा आकार कशासाठी? उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर आणि त्याचा संकेत अत्यंत क्षीण. तबकडी जितकी मोठी, तितका अधिक संकेत गोळा होतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते : व्यास वाढला की तबकडीची 'नजर' अरुंद होते. गच्चीवरील ६० सेंटीमीटरच्या तबकडीची नजर सुमारे ३ अंश रुंद असते. आर्वीच्या तबकडीची, ४ गिगाहर्ट्झवर, जेमतेम ०.१८ अंश, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या चंद्रबिंबाच्या साधारण एक तृतीयांश.

५/ याचा व्यवहारातील अर्थ धडकी भरवणारा आहे. नेम केवळ ०.०९ अंशाने चुकला तरी मिळणारा संकेत निम्म्यावर येतो. तेवढी चूक व्हायला २९.७ मीटरच्या तबकडीचा काठ सव्वादोन-अडीच सेंटीमीटर कलला तरी पुरे. वाऱ्याचा दाब, उन्हाने प्रसरण पावलेले पोलाद, पायाचा किंचित कल, यांपैकी काहीही त्यास कारण ठरू शकते.

६/ म्हणून अशा अँटेनाची बैठक दोन अक्षांवर फिरते. एक अक्ष उभा. त्यावर दिगंश, म्हणजे क्षितिजावरील दिशा, ठरते. दुसरा आडवा, त्यावर उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, ठरते. उभा अक्ष काटेकोर ओळंब्यात नसेल, तर प्रत्येक दिशेला वेगळी चूक निर्माण होते. ती शोधण्यासाठी, आकाशातील स्थान पक्के ठाऊक असलेल्या कॅसिओपिया-ए यांसारख्या रेडिओ स्रोतांवर नेम धरून पाहण्याची पद्धत जगभर रूढ आहे.

७/ बैठक बिनचूक झाली तरी काम संपत नाही. 'भूस्थिर' उपग्रह पूर्णपणे स्थिर नसतो. चंद्र-सूर्याच्या ओढीने त्याची कक्षा कलते आणि पृथ्वीवरून तो दिवसभरात इंग्रजी आठाच्या आकाराची छोटी वाट चालताना दिसतो. गच्चीवरील तबकडीच्या तीन अंशांत ही वाट सामावते. आर्वीच्या नजरेतून उपग्रह निसटू शकतो. त्यामुळे संकेताची तीव्रता सतत मोजत मोटारींच्या साहाय्याने तबकडी त्याच्यामागे वळवत राहावी लागते.

८/ हे केंद्र राष्ट्राला अर्पण झालेले पाहणे साराभाईंच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी १९७२ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले आणि केंद्राला 'विक्रम' हे नाव मिळाले. टपाल खात्याने आर्वीवर तिकीटही काढले.

९/ त्याच परिसरात, खोडद येथे, पुढे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही दुर्बीण साकारली : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्रत्येकीची बैठक याच दोन अक्षांची. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण संकेत या तबकड्यांनी टिपला. उतरण्याच्या काही क्षण आधी तो थांबला. यान कोसळले होते.

१०/ ती बातमी दुःखद होती, पण जगाला ती मिळाली, कारण जुन्नर तालुक्यातील पोलादी बैठका त्या घडीला योग्य दिशेला वळलेल्या होत्या. भारताच्या अवकाश-इतिहासात अग्निबाणांच्या उड्डाणांना मोठे स्थान मिळते, ते रास्तच आहे. पण अवकाशात पोहोचलेल्या यंत्राचे बोलणे ऐकायचे तर जमिनीवर कुणीतरी ओळंबा धरून, अंशाच्या शतांशाचा हिशेब ठेवत उभे राहावे लागते. आर्वीने ते काम भारतीय हातांनी होऊ शकते हे दाखवून दिले.