घाशीरामची माणसांची भिंत

तर मंडळी, जब्बार पटेल म्हटलं की तुम्हाला 'सिंहासन', 'सामना' आठवतात. आज मात्र दौंडला डॉक्टरकी करत पुण्यात नाटक बसवणारे जब्बार.

१६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. स्टेजवर सेट जवळपास नाहीच, ओळीनं उभ्या माणसांची भिंत! ती गाते, नाचते, अन् पाठ फिरवली की तिच्याआड नानाचे चाळे. बघून न बघणारा समाज अख्खा डोळ्यांसमोर. माझ्या मते हीच जब्बारांची कमाल. भाषण एका शब्दाचं नाही.

वाद पेटला. १९ प्रयोगांनंतर पीडीएनं नाटक थांबवलं. पण पोरं गप्प बसली नाहीत! बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, पुन्हा प्रयोग लावले. १९८० मध्ये तीच भिंत युरोपात उभी राहिली.